हातमोज्याची खरी किंमत: मालवण ते गुलमर्ग

#धागा

१/ मालवणचा एक धाकटा मित्र हंगामात तारकर्लीला पर्यटकांना समुद्राखाली नेतो. येत्या जानेवारीत तो गुलमर्गला स्कीइंगचा प्राथमिक अभ्यासक्रम करणार आहे. परवा त्याचा प्रश्न आला: "दादा, डायव्हिंगचे हातमोजे आसत माझ्याकडे. बर्फात तेच चालतले मा?" बर्फाच्या जलरोधक हातमोज्यांच्या किमती पाहून तो हबकला होता. उत्तर एका शब्दाचे होते: नाही. पण "का नाही?" या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी इरले, घोंगडी, काजूचा चीक आणि बाल्टिमोरच्या एका शस्त्रक्रियागृहापर्यंत जाऊन पोचलो. आजचा धागा त्याविषयी.

२/ आरंभ शब्दापासून करू. 'मोजा' हा शब्द फारसीतून आला. तिथे 'मोज़ा' म्हणजे पायात घालायचा बूट. त्याला मराठीने 'हात' जोडला आणि हातमोजा तयार झाला. म्हणजे हाताला घालायचा पायमोजा! हातासाठी 'दस्ताना' हा स्वतंत्र फारसी शब्दही आपल्याकडे आला, परंतु तो चिलखताच्या आणि शस्त्रांच्या जगात अधिक वावरला. शेतावरच्या वा होडीवरच्या माणसाच्या हाताला आच्छादन असावे, ही कल्पना आपल्या बोलीत उशिरा आली. याउलट पावसापासून अंग झाकण्यासाठी कोकणात शब्दांची वाण नाही: इरले, खोळ, कांबळे, घोंगडी.

३/ यातला विरोधाभास पाहा. मालवणचा किनारा हाताचे महत्त्व जाणतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामाचा आरंभ झाला. त्या किल्ल्यात शिवाजी महाराजांच्या हाताचा आणि पायाचा म्हणून चुन्यातला ठसा आजही घुमटीखाली जपलेला आहे. सागरी स्वराज्याची स्मृती इथे हाताच्या पंजाच्या रूपात उरली. पण ज्या हातांनी दगड चढवले, वल्ही मारली, रापणीचे दोर ओढले, त्या हातांवर काय होते? बहुधा काहीच नाही. घट्टे हेच त्यांचे हातमोजे.

४/ रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे प्रचंड जाळे. होडी ते समुद्रात अर्धवर्तुळात टाकत जाते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसे मिळून ओढतात. नायलॉन येण्यापूर्वी दोर काथ्याचा असे. ओला काथ्या, खारे पाणी, वाळू आणि तळहात, असा तो सामना. अशा वेळी पातळ हातमोजा घटकाभरात फाटतो आणि जाड हातमोज्यातून दोराची पकड कळत नाही. या धाग्याचा पहिला धडा इथेच मिळतो: हातमोजा केवळ झाकण्यासाठी नसतो, त्यातून कामही व्हावे लागते.

५/ आता पाऊस. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आंबोलीत त्याच्या दुपटीहून अधिक. याच पावसात भातलावणी करायची असते. कमरेत वाकून, दोन्ही हात चिखलात घालून, दिवसभर. छत्री धरायला तिसरा हात नाही. या अडचणीवर कोकणाने शोधलेले उत्तर म्हणजे इरले.

६/ बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यात दाबून बसवलेली रुंद पाने. आकार उलट्या होडीच्या अर्ध्या भागासारखा. डोक्यावर ठेवले की ते पाठीवरून कमरेपर्यंत उतरते. वाकलेल्या शरीराचे माप घेऊनच ते घडलेले आहे; ताठ उभ्या माणसाला ते अवजड वाटेल. पुढची बाजू उघडी असल्याने आत हवा खेळते आणि घामाची वाफ कोंडत नाही. साहित्य रानातले, कारागीर गावातला, आणि पाने कुजली तरी सांगाडा उरतो. 'परवडणारे जलरोधक' याची इतकी नेटकी व्याख्या मला अन्यत्र सापडली नाही.

७/ इरल्याचे सोबती म्हणजे घोंगडी. धनगरांनी दख्खनी मेंढीच्या लोकरीतून विणलेली आणि चिंचोक्याची खळ लावून घट्ट केलेली. डोक्यावरून खोळ करून घेतली की भुरभुर पाऊस वरच्या वर निथळतो. जोराच्या पावसात मात्र ती भिजते. तरीही ती ऊब देत राहते, कारण लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प पोटात घेऊनही ओला लागत नाही आणि ते घेताना थोडी उष्णता सोडतो. इरले पाणी थोपवते, घोंगडी ऊब राखते. दोन कामे, दोन वस्तू. ही गोष्ट ध्यानात ठेवा. गुलमर्गात तिची गरज पडेल.

८/ पाठ झाकली, पण हात? लावणीचे हात आणि पाय दिवसच्या दिवस पाण्यात. त्वचा पांढुरकी होऊन सुरकुतते, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. त्यावर उपाय मेंदीच्या लेपाचा. भेगांसाठी कोकमाच्या बियांचे तेल, जे थंडीत घट्ट गोळा होऊन राहते आणि अंगाच्या उबेने वितळू लागते. हा स्निग्ध थर पाण्याला काही काळ दूर ठेवतो. म्हणजे कोकणात हातमोजा नव्हता असे म्हणणे पुरते खरे नाही. होता, पण तो तेलाचा होता आणि रोज नव्याने घालावा लागे.

९/ तेलाच्या या हातमोज्याची सर्वांत कठोर परीक्षा काजूने घेतली. काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे; सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ते आपल्या किनाऱ्यावर आले. बिब्ब्याच्याच कुळातले. त्याच्या टरफलात दाहक तेल असते. हेच तेल कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर होड्यांच्या लाकडाला चोपडले जाई, कारण ते पाणी आणि कीड दोन्हींना रोखते. लाकडाला जे वाचवते ते कातडीला जाळते.

१०/ मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूगरांची उसळ आपण चवीने खातो. तो गर कोवळ्या बीतून काढताना चीक हाताला लागतो. काही दिवसांनी कातडी काळवंडून सोलवटते. म्हणून बायका आधी हाताला खोबरेल चोळतात, वर राख लावतात. कारखान्यातही हीच गोष्ट, फक्त रोजची. बिया वाफवून वा भाजून, थंड करून, एकेक बी फोडायची. गर अख्खा राहिला पाहिजे, कारण तुकड्याला भाव कमी. हे काम प्रामुख्याने स्त्रियांचे. वेंगुर्ल्याच्या काजूचे नाव जगात जाते, ते या हातांवरून.

११/ "मग हातमोजे का वापरत नाहीत?" असा प्रश्न इथे हमखास येतो. या व्यवसायात मजुरी बहुधा किलोवर मोजली जाते. हातमोजा घातला की बोटांना बीची कड नीट लागत नाही, वेग मंदावतो, तुकडा अधिक पडतो. स्वस्त रबरी हातमोजा तेलाने फुगतो, आत घाम साचतो आणि ओल्या कातडीला चीक अधिक झोंबतो. म्हणजे हातमोज्याची किंमत दुकानातल्या चिठ्ठीवर संपत नाही. ती संध्याकाळच्या वजनकाट्यावर पुन्हा वसूल होते. ज्या वस्तूपायी मजुरी घटते ती फुकट दिली तरी महाग. मग ती काढून ठेवली जाते आणि दोष मात्र 'अज्ञाना'ला दिला जातो.

१२/ आता रबराकडे वळू. १८२३ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी नाफ्थ्यात रबर विरघळवून ते दोन कापडांच्या मध्ये चिकटवण्याचे पेटंट घेतले. कापड जलरोधक झाले, पण उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत लाकडासारखे ताठ! रबराला गंधकासह तापवून स्थिर करण्याची व्हल्कनायझेशनची प्रक्रिया इंग्लंडमध्ये टॉमस हॅनकॉक आणि अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांनी पेटंटबद्ध केली; गुडइयर यांचे पेटंट १८४४ चे. त्यानंतरच रबर हाताला घालण्याजोगे झाले. आज आपल्याच जिल्ह्यात, दोडामार्ग तालुक्यात, रबराच्या बागा उभ्या आहेत.

१३/ शस्त्रक्रियेच्या पातळ रबरी हातमोज्याची कथा तर काजूशी थेट नाते सांगणारी आहे. १८८९-९० च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन ही परिचारिका शस्त्रक्रियागृहात काम करत असे. जंतुनाशक म्हणून वापरल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या क्षाराने तिच्या हातांची त्वचा पोळली. शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ हातमोजे बनवून घेतले. पुढे दोघांचा विवाह झाला. हे हातमोजे रुग्णाला संसर्ग होऊ नये म्हणून आलेले नव्हते. काम करणाऱ्या स्त्रीचा हात वाचावा म्हणून आले होते. रुग्णाला होणारा लाभ नंतर ध्यानात आला.

१४/ बाल्टिमोरमध्ये एका हातासाठी रबर कंपनीला पत्र गेले. मग टरफल फोडणाऱ्या हातांसाठी का नाही? रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे मुळीच अशक्य नाही; तेलाला दाद न देणारे नायट्राइल रबर केव्हाच उपलब्ध आहे. अडसर साहित्याचा नसून, हातमोज्याने मंदावणाऱ्या वेगाचा भार कोणी सोसायचा याचा आहे. इतिहासात 'परवडणारे' हा शब्द दिसला की मी आता नेहमी विचारतो: कोणाला?

१५/ भारतात जलरोधक वस्त्र सामान्यांच्या आवाक्यात आणण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न स्वदेशीच्या प्रेरणेतून झाला. सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात बेंगॉल वॉटरप्रूफचा पाया घातला. 'डकबॅक' नावाचे त्यांचे रेनकोट आणि दप्तरे अनेकांच्या आजोबांना आठवत असतील. कोकणातल्या शेतावर मात्र इरल्याची जागा रेनकोटाने घेतली नाही. ती घेतली प्लास्टिकच्या कागदाने. डोक्यावरून खोळ, कमरेला दोरी. तो इरल्याहून हलका आणि स्वस्त, पण आत घाम कोंडणारा आणि हंगामाअखेर बांधावर फाटून पडणारा. इरले विणणारे हात त्यानंतर झपाट्याने कमी होत गेले.

१६/ आता मित्राचे डायव्हिंगचे हातमोजे. निओप्रीन हे कृत्रिम रबर १९३०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत जन्मले. १९५२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांना एक उलटा विचार सुचला: पाणबुड्याला ऊब हवी असेल तर त्याने कोरडे राहण्याची गरजच नाही. फेसाळ निओप्रीनमध्ये वायूचे असंख्य बुडबुडे अडकलेले असतात. ऊब ते राखतात. आत शिरलेले थोडेसे पाणी अंगाच्या उष्णतेने कोमट होते आणि तिथेच थांबते. घोंगडीच्याच घराण्यातली ही कल्पना: भिजलो तरी चालेल, ऊब जाता कामा नये.

१७/ मग बर्फात हेच का चालू नये? कारण बर्फावरचा शत्रू वेगळा. समुद्रात हात सतत पाण्यात असतो, घाम ही अडचण नसते. स्कीइंगमध्ये माणूस कष्टाने घामाघूम होतो, मग रांगेत गारठत उभा राहतो, मग पुन्हा घामाघूम. निओप्रीनमधून वाफ बाहेर पडत नाही, त्यामुळे तळहात आतूनच भिजतो. बाहेरच्या कापडी आवरणात पाणी मुरते आणि वाऱ्यात गोठते. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणजे बाहेरच्या बर्फाइतकाच आतला घामही बोटे बधिर करतो.

१८/ वाफ जाऊ द्यायची आणि थेंब अडवायचा, या कोड्याला १९६९ मध्ये नवे उत्तर मिळाले. बॉब गोर यांनी पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉनच्या मूळ पदार्थाची तापवलेली कांडी झटक्याने ताणली. तिच्यातून अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार झाला. छिद्रे पाण्याच्या थेंबाहून कितीतरी लहान आणि बाष्पाच्या रेणूहून कितीतरी मोठी. १९७६ च्या सुमारास गोर-टेक्स बाजारात आले. मूळ पेटंटांची मुदत कधीच संपली आहे. आज अनेक उत्पादक पॉलियुरेथेनचे स्वस्त पडदे वापरतात. नवशिक्याच्या आठवडाभराच्या वर्गाला तेही पुरेसे ठरू शकतात. नावापायी दुप्पट पैसे मोजण्याचे कारण नाही.

१९/ आणि सर्वांत जुनी युक्ती म्हणजे थर. १९५३ च्या यशस्वी एव्हरेस्ट मोहिमेतही हातांची व्यवस्था थरांचीच होती: आत रेशमी, मध्ये उबदार, बाहेर वारा अडवणारे सुती कापड. इरले आणि घोंगडी यांची हीच वाटणी. एकाच वस्तूकडून सारी कामे मागितली की ती महाग होते. कामे वाटून दिली की प्रत्येक वस्तू स्वस्त होते आणि एक भिजली तरी दुसरी हाताशी राहते.

२०/ म्हणून मित्राला मी पुढीलप्रमाणे लिहून पाठवले:

• आत पातळ लोकरीचे हातमोजे, दोन जोड. एक हातात, एक कोरडा, जाकिटाच्या आतल्या खिशात.

• बाहेर पडदा असलेले सैलसर जलरोधक आवरण. आतले अस्तर सुटे निघणारे असावे. शिवलेले अस्तर रात्रीतून वाळत नाही.

• बोटांच्या टोकांशी थोडी जागा हवी. घट्ट हातमोजा रक्तप्रवाह रोखतो आणि ऊब धरणारी हवा दाबून टाकतो.

• मनगटावरचा भाग लांब आणि आवळता येणारा. नवशिका वारंवार पडतो. बर्फ तिथूनच आत शिरतो.

• चिठ्ठीवर '१०,००० मिमी' असे लिहिलेले असेल तर ते पाण्याच्या उभ्या स्तंभाचा किती दाब कापड सोसते याचे माप आहे. ते कापडाचे माप आहे, शिवणीचे नव्हे. शिवण आतून पट्टीने बंद केली आहे का, किंवा आत अखंड पडदा आहे का, ते विचार.

• फार थंडी वाजते? त्याच पैशांत चारही बोटे एकत्र राहणारा प्रकार घे. बोटे एकमेकांना ऊब देतात.

२१/ याहूनही स्वस्त मार्ग आहे आणि तो कामगारांनी शोधलेला आहे. अमेरिकेतल्या स्की-क्षेत्रांवर पाळणे चालवणारे आणि गस्त घालणारे अनेकजण डुकराच्या कातड्याचे साधे कामगारी हातमोजे घेतात, त्यांना मेण माखतात, गरम करून ते मुरवतात आणि हंगामभर वापरतात. मेण उडाले की पुन्हा लावायचे. आपल्या होड्यांना दरवर्षी तेल चोपडले जाई, इरल्यात नवी पाने भरली जात, त्याच परंपरेतली ही गोष्ट. स्वस्त वस्तू निगा मागते. महाग वस्तू त्या निगेचे पैसे आधीच घेऊन ठेवते. शिवाय बिनानिगेची महाग वस्तूही शेवटी गळतेच.

२२/ यादीतली शेवटची सूचना मी मुद्दाम वेगळी ठेवली. दुकानात हातमोजे घालूनच बुटाची कळ लाव, जाकिटाची साखळी ओढ, चष्मा सारखा कर. यातले काही जमले नाही, तर डोंगरावर तू हातमोजा काढशील. उघडा हात ओला होईल, तोच ओला हात पुन्हा आत जाईल आणि सारे तंत्रज्ञान तिथेच संपेल. काढावा लागतो तो हातमोजा सर्वांत महाग. हे मला गोर किंवा गुडइयर यांनी शिकवले नाही. हातमोजा बाजूला ठेवून बोटांना तेल आणि राख लावणाऱ्या बायकांनी शिकवले.

२३/ फरक इतकाच की माझ्या मित्राला दुकानात पाच जोड घालून पाहण्याची मुभा आहे आणि न जमल्यास सहावा मागण्याचीही. बी फोडणारीला ती कधी मिळाली नाही. तिच्या बोटांना बीची कड कळेल, तिचा वेग टिकेल आणि तिची मजुरी घटणार नाही, असा हातमोजा तिच्या बोटांचे माप घेऊन बनला, तर तो हातमोज्यांच्या इतिहासातला खरा पुढचा टप्पा ठरेल. बर्फासाठीचे उत्तर १९६९ मध्ये सापडले. काजूसाठीचे उत्तर अजून हवे आहे.

२४/ मित्राने उत्तर पाठवले आहे. डायव्हिंगचे हातमोजे घरीच राहतील. आजीच्या जुन्या लोकरी मफलरीतून आतले जोड विणून घेणार म्हणतो. त्याच्या घराच्या माळ्यावर एक इरले आहे, पाने झडलेली, सांगाडा शाबूत. त्याचे छायाचित्र मी मागितले आहे.

तुमच्या घरात इरले, घोंगडीची खोळ किंवा होडीला तेल लावण्याची एखादी आठवण असेल, तर खाली जरूर लिहा. ते कोण विणत असे, कोणती पाने वापरत आणि ते किती पावसाळे टिके, हेही घरच्या थोरांना विचारून नोंदवा. कामट्यांचा सांगाडा माळ्यावर उरेल. तो कसा भरायचा हे ज्ञान मात्र विचारले नाही तर उरणार नाही.

(धागा समाप्त)